कौलावरचं साल

चिपळूणहून भाच्याचा फोन आला. गुहागरच्या एका जुन्या घराच्या दुरुस्तीचं ड्रॉइंग मुंबईहून मेलवर आलंय, आणि त्याच्याकडे ते काही केल्या उघडत नाही. त्याचं ऑटोकॅड, म्हणजे असे आराखडे काढायचा प्रोग्रॅम, २०१३ च्या आवृत्तीचं.

"मामा, फाईल करप्ट झालीय बहुतेक."

म्हटलं, आधी तिची एक कॉपी काढ, ती नोटपॅडमध्ये उघड आणि पहिली सहा अक्षरं वाच. काहीही सेव्ह मात्र करू नकोस, नाहीतर खरोखरच करप्ट होईल.

आत सगळी गिचमिड होती, पण अगदी सुरुवातीला स्वच्छ लिहिलेलं: एसी१०३२.

म्हणजे फाईल धडधाकट होती. ऑटोकॅडची ड्रॉइंगची फाईल, म्हणजे डीडब्ल्यूजी, कोणत्या साच्यात (फॉरमॅटमध्ये) लिहिलीय, ते तिच्या पहिल्या सहा बाइट्समध्येच नोंदवलेलं असतं. ऑटोकॅड २००० चा साचा एसी१०१५. पुढे २००४ ला १०१८, २००७ ला १०२१, २०१० ला १०२४, २०१३ ला १०२७ आणि २०१८ ला १०३२. नवा प्रोग्रॅम जुने साचे वाचतो. जुन्याला मात्र आपल्या नंतर काय आलं ते कळायचा मार्गच नसतो. भाच्याची मजल १०२७ पर्यंतच.

फाईलच्या नावामागचं शेपूट पाहून हे कळत नाही. पेटीवर 'देवगड' छापलंय म्हणून आतला आंबा देवगडचाच, असं कोकणात तरी कोणी धरून चालत नाही. देठाशी नाक नेऊन बघतात. वर्डची डॉक्सएक्स फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीला 'पीके' दिसतं. ही झिप साचा तयार करणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं, कारण डॉक्सएक्स ही मुळात झिपच. नकाशांसाठी वापरल्या जाणाऱ्या क्यूजीआयएसचं काम सर्वांत सोपं: त्याच्या क्यूजीएस प्रोजेक्ट फाईलमध्ये सुरुवातीलाच साध्या अक्षरांत आवृत्तीचा आकडा असतो, शिवाय एका गावाचं नावही. ३.२८ असेल तर 'फिरेंझे'.

पण एसी१०३२ दिसलं म्हणून फाईल २०१८ च्याच ऑटोकॅडमध्ये झाली, असं भाचा म्हणाला तेव्हा मी त्याला त्या गुहागरच्या घराच्या छपराकडे बघायला सांगितलं. मंगळुरी कौलं उलटी केली की कारखान्याचा छाप दिसतो, कधी सालही असतं. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये काढला. छापातलं साल हे अनेकदा असं कारखाना सुरू झाल्याचं असतं, ते कौल भाजल्याचं नव्हे. तसंच इथे. २०१८ नंतरच्या कितीतरी आवृत्त्या तोच साचा वापरत आल्या. वर्डचंही तेच: २०१६, २०१९ आणि २०२१, तिन्ही स्वतःला आतून १६ म्हणवतात.

आणि कौलं काय, शाकारणीला बदलतातच. घर आजोबांचं, कौलं गेल्या मे महिन्यातली. फाईलच्या सुरुवातीची खूणही शेवटी सेव्ह करणाऱ्याची असते, पहिली रेघ मारणाऱ्याची नव्हे.

भाच्याने मुंबईला कळवलं. त्यांनी 'सेव्ह ॲज'मध्ये जाऊन २०१३ चा साचा निवडला, आणि पाच मिनिटांत ड्रॉइंग उघडलं. आता ती फाईल नोटपॅडमध्ये घातली तर एसी१०२७ दिसतं.