टाळ कुठे गेले?

गावच्या भजनी मंडळाची एक जुनी कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतली. हेडफोनवर सगळं जागच्या जागी होतं: डावीकडे पेटी, उजवीकडे पखवाज, मध्ये बुवा आणि भोवती टाळ. तीच फाइल एकाच स्पीकरच्या ब्लूटूथ डब्यावर लावली, तर टाळ गोधडीत गुंडाळल्यासारखे वाजू लागले. बुवांचा आवाज मात्र होता तसाच.

डब्याला स्पीकर एकच, म्हणून तो डाव्या-उजव्या आवाजाची बेरीज करतो. एकीकडच्या लाटेचा चढ आणि दुसरीकडचा उतार एकाच क्षणी आले की बेरीज शून्य. लाटांमधलं हे मागेपुढे होणं म्हणजेच फेजचा घोळ.

पण गेले ते टाळच, बुवा का नाहीत? कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. म्हणजे १०,००० हर्ट्झची एक लाट पट्टीवर जेमतेम ४.७६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जागा घेते. पट्टीवर डावा-उजवा आवाज शेजारशेजारच्या दोन ट्रॅकवर असतो, त्यांच्या मध्यांत अंतर ०.९ मिलिमीटर. पट्टी वाचणारं हेड नुसतं ०.१५ अंशानं कललं, तरी एक ट्रॅक २.४ मायक्रॉन पुढे जातो, म्हणजे बरोबर अर्धी लाट! टाळांची चमक असते ती अशाच उंच स्वरांत. बुवांच्या आवाजातली २०० हर्ट्झची लाट २३८ मायक्रॉन लांब. तिच्या खिजगणतीतही हे अंतर नाही.

उपाय हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूत आहे. आवाज मोनो करायचा, म्हणजे डावं-उजवं एकत्र ऐकायचं, कॅसेट चालू ठेवून स्क्रू अगदी किंचित फिरवायचा आणि टाळ सर्वांत लख्ख वाजतील तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला हे नव्यानं करावं लागतं, कारण कललेलं हेड मूळ रेकॉर्डिंग करणाऱ्या टेपरेकॉर्डरचंही असू शकतं. कॅसेट हाताशी नसेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एक चॅनल (डावा किंवा उजवा आवाज) सरकवता येतो. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं, असलेल्या फाइलमध्ये ही अर्धी लाट म्हणजे फक्त दोनेक सॅम्पल. पण तिरक्या हेडमुळे प्रत्येक ट्रॅकमधलीही थोडी चमक जाते, ती अशा सरकवण्यानं परत येत नाही. म्हणून मी तरी आधी स्क्रूच धरतो.

मोनो करताच मधला गायकच गायब झाला, तर दुखणं वेगळं: कुठेतरी वायर उलटी जोडली गेली आहे. एक चॅनल ‘इन्व्हर्ट’, म्हणजे त्याच्या लाटा उलट्या केल्या की काम झालं.

माझ्या कॅसेटची बी बाजू अजून दाद देत नाही. पट्टी सरळ न जाता हेडवरून वळवळत जाते, त्यामुळे टाळ येतात, विरतात, पुन्हा येतात. सध्या एकेक अभंग तुकड्यातुकड्यानं जुळवतो आहे.