‘नाताळचं स्वप्न’: मूल झोपतं तेव्हा बाहुलं का उठतं?

‘व्हानोच्नी सेन’, म्हणजे ‘नाताळचं स्वप्न’, हा चेकोस्लोव्हाकियात 1945 साली तयार झालेला जेमतेम अकरा मिनिटांचा कृष्णधवल लघुपट. गोष्ट चार ओळींत संपते. एका लहान मुलीला नाताळची नवी खेळणी मिळतात. जुनं चिंध्यांचं बाहुलं ती बाजूला फेकून देते आणि झोपी जाते. स्वप्नात ते बाहुलं उठतं आणि तिचं मन पुन्हा जिंकायला धडपडतं. मुलगी खरी आहे, हाडामांसाची. बाहुलं मात्र एक-एक फ्रेम हलवून जिवंत केलेलं.

या चित्रपटाबद्दल लिहिताना बहुतेक जण ‘गोड’, ‘निरागस’ म्हणून पुढे जातात आणि शेवटी ‘स्वप्नाची युक्ती तेव्हाही जुनीच होती’ अशी नोंद करतात. युक्ती जुनी होती हे खरंच. पण ती इतकी वर्षं का टिकली, हे कळल्याशिवाय या अकरा मिनिटांचं मोल ध्यानात येत नाही. कॅमेऱ्यासमोरचा माणूस आणि टेबलावरची बाहुली एकाच फ्रेममध्ये आणणं फार अवघड होतं. मूल झोपलं की दोघांची ताटातूट आपोआप होते. आधी माणसाचं जग, मग बाहुलीचं, मग पुन्हा माणसाचं. मुलांच्या चित्रपटांत झोप शिरली ती आधी छायाचित्रणाची अडचण सोडवायला. गोष्टीतली हळुवारता तिच्या मागून आली.

नाताळच्या चित्रपटांत ही झोप 1898 पासून दिसते. इंग्लंडमधल्या होव्ह गावच्या जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी त्या वर्षी ‘सांताक्लॉज’ नावाचा सव्वा मिनिटाच्या आसपासचा चित्रपट केला. दाई मुलांना झोपवते, दिवा मालवते आणि खोलीचा एक भाग काळाकुट्ट होतो. त्या काळ्या जागेत एक गोल उमटतो आणि गोलात छपरावरचा सांताक्लॉज धुराड्यात उतरताना दिसतो. इथे अंधार कामाला लावलेला आहे. फिल्मच्या ज्या भागावर उजेड पडत नाही, तो कोराच राहतो. दिवा मालवताच मागे काळं कापड आलं की तेवढी जागा रिकामी मिळते. फिल्म कॅमेऱ्यात उलटी गुंडाळून, भिंगापुढे गोल भोक पाडलेला पडदा धरून, त्याच जागी दुसरं दृश्य टिपता येतं. यात ॲनिमेशन नाही, पण झोपलेली मुलं आणि त्यांना न दिसणारा चमत्कार एका चौकटीत आणण्याचा पाया इथे घातला गेला.

त्यात खेळणी आली ती दहा वर्षांनी. इंग्लंडमधल्याच सेंट ऑल्बन्सचे आर्थर मेलबर्न-कूपर यांचा 1908 चा ‘ड्रीम्स ऑफ टॉयलँड’ सुरू होतो खेळण्यांच्या दुकानात, खऱ्या माणसांसह. मग मूल झोपतं आणि खेळण्यांचा अख्खा रस्ता गजबजून जातो: अस्वलं, गाड्या, एक बस. हा चित्रपट बघताना खेळण्यांवरून नजर काढून त्यांच्या पायाशी न्यावी. सावल्या सरकताना दिसतात. चित्रण उघड्यावर, उन्हात झालेलं आहे आणि एक-एक खेळणं हलवून फ्रेम टिपेपर्यंत सूर्य थांबत नाही. पडद्यावर काही सेकंद जातात, तेवढ्यात सावली जमिनीवरून फिरून जाते. बाहुल्यांचं चित्रण बंद खोलीत आणि दिव्यांच्या उजेडात का गेलं, याचं उत्तर त्या सावल्यांतच आहे.

खोलीत गेल्यावर दिव्यांचा त्रास सुरू झाला. विजेचा दाब थोडा कमी-जास्त झाला तरी पुढच्या फ्रेमचा उजेड बदलतो आणि पडदा लुकलुकतो. चालत्या कॅमेऱ्यात एका फ्रेमवर साधारण 1/48 सेकंद उजेड पडतो. फ्रेमगणिक काम करताना तो अर्धा सेकंदही ठेवता येतो. तसं केलं की भिंगाचं छिद्र बारीक करता येतं आणि जवळच्या बाहुलीपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं स्पष्ट येतं. फायदा मोठा आहे. पण मुलीचं दृश्य एका छिद्रावर आणि बाहुलीचं दुसऱ्यावर घेतलं, तर मुलीमागची खोली धूसर दिसते आणि बाहुलीमागची तीच खोली रेखीव. दोन जगांचा सांधा कुठे आहे हे सांगणारी ही सगळ्यात विश्वासू खूण.

आता ‘नाताळचं स्वप्न’ जिथे तयार झालं ते झ्लिन. चेकोस्लोव्हाकियाच्या मोराव्हिया भागातल्या या गावाचं नाव आपल्याकडे क्वचितच कुणी ऐकलेलं असतं, पण तिथला माल घातलेला नाही असं घर महाराष्ट्रात सापडणं कठीण. बाटा कंपनी याच गावची, 1894 ची. बाटाला बुटांच्या जाहिराती हव्या होत्या, म्हणून 1936 साली गावाशेजारच्या कुडलोव टेकडीवर कंपनीचा स्टुडिओ उभा राहिला. जाहिरातीसाठी उभ्या राहिलेल्या जागेत खेळ करून बघायला वाव मिळतो. बूट चालताना दाखवायचा तर तो फ्रेमगणिक हलवावाच लागतो.

बाहुलीपटांच्या दिग्दर्शिका हर्मीना तिर्लोवा याच स्टुडिओतल्या. ‘फेर्दा मुंगळा’ हा त्यांचा युद्धकाळातला बाहुलीपट चेक बाहुलीपटांच्या अगदी सुरुवातीचा. त्यांचे सहायक म्हणून 1943 मध्ये कारेल झेमान आले. त्यांचा मूळ धंदा दुकानाच्या काचेमागची सजावट करण्याचा. ब्रनो शहरातल्या अशाच एका स्पर्धेत ते जिंकले होते. त्याची बातमी चित्रित करायला आलेले झ्लिनचे दिग्दर्शक एल्मार क्लोस त्यांना स्टुडिओत येण्याचं निमंत्रण देऊन गेले. चित्रपटाच्या बाजूने बघितलं तर हा तपशील फार मोलाचा आहे. काचेमागे वस्तू मांडणारा माणूस उजेड, उंची, अंतर आणि बघणाऱ्याची नजर एकाच जागेवरून जोखतो. बाहुलीपटाचा कॅमेराही असाच एका जागी खिळलेला असतो.

‘नाताळचं स्वप्न’ आकाराला आलं ते तिर्लोवा आणि झेमान यांच्या याच सहवासात. दिग्दर्शक म्हणून कारेल झेमान आणि बोरझिवोय झेमान ही दोन नावं आहेत. युद्ध संपलं तेच हे वर्ष. ऑगस्ट 1945 मध्ये चेकोस्लोव्हाकियातला चित्रपटधंदा सरकारी झाला आणि जाहिरातींसाठी बांधलेला स्टुडिओ मुलांच्या चित्रपटांचा कारखाना होऊ लागला. जुने कागद शोधताना एक लक्षात ठेवावं: 1949 ते 1990 या काळात झ्लिनचं नाव गॉटवाल्डोव्ह होतं. दोन्ही नावांनी शोधलं नाही तर निम्मी माहिती हाती लागत नाही.

या चित्रपटातली खरी हुशारी बाहुल्याच्या निवडीत आहे. माणूस आणि बाहुली एकत्र आणताना पहिली अडचण मापाची असते. वीस सेंटिमीटरच्या बाहुलीला माणूस म्हणून दाखवायचं, तर तिच्यासाठी तेवढीच लहान खोली, खुर्ची, दार करावं लागतं आणि खऱ्या खोलीशी त्याचा मेळ बसवावा लागतो. इथे बाहुलं हे बाहुलंच आहे. मुलीच्या हातात असताना जेवढं, तेवढंच ते हलतानाही. खऱ्या खेळण्यांत ते खऱ्याच मापाने वावरतं. म्हणून मुलीच्या दृश्यावरून बाहुल्याच्या दृश्यावर नुसता कट मारला तरी डोळा अडखळत नाही. प्रेक्षकाने काही मिनिटांपूर्वी ते एका मुलीच्या हातात लोंबकळताना पाहिलेलं असतं, त्यामुळे त्याचं वजन त्याला माहीत असतं. नंतर ते स्वतःच्या पायांवर उभं राहतं तेव्हा अंगावर काटा येतो, तो या आठवणीमुळे.

पण चिंध्यांचं बाहुलं हलवणं म्हणजे हाताला शिक्षा. साधारणपणे अशा कामाला निदान दोन सारखी बाहुली लागतात. एक नुसत्या कापसाचं, हातात धरल्यावर मान टाकणारं. दुसऱ्याच्या पोटात सांगाडा: पिळलेली तार, किंवा लाकूड आणि खोबणीत फिरणारे गोळ्यांचे सांधे. दोघांची शिलाई, मळ, बटणाची जागा तंतोतंत जुळावी लागते. तार स्वस्त पडते, पण एकाच जागी सतत वाकवली की थकून आतल्या आत तुटते आणि नेमका चालू दृश्यात गुडघा लोळा-गोळा होतो. मग बाहुलं उसवून तार बदलायची आणि आधीच्या फ्रेमशी पुन्हा जुळवायचं. पाय जमिनीला खिळ्याने किंवा खालून स्क्रूने पकडलेले असतात, नाहीतर एका पायावर तोल सावरत नाही. त्या खिळ्यांची भोकं पुढच्या पावलाआधी बुजवावी लागतात.

कापडाचा आणखी एक स्वभाव आहे. दर वेळी बोटं लागली की कापडाची लव आणि चुणी थोडी बदलते. पडद्यावर ते अंग उकळत्या दुधाच्या सायीसारखं थरथरतं. लाकडी बाहुलीत हे होत नाही. काही समीक्षक या थरथरीला दोष म्हणतात. अशा चिंध्यांच्या अंगात श्वास चालू असल्याचा भास याच थरथरीमुळे होतो, आणि फेकून दिलेल्या बाहुल्याला तो शोभतो.

हिशेब मांडून बघा. बोलपटाचा वेग सेकंदाला 24 फ्रेम. अकरा मिनिटं म्हणजे 15,840 फ्रेम, आणि 35 मिलिमीटर फिल्मचं 1,000 फुटांचं एक रीळ. त्यातली निम्मी बाहुल्याची धरली तर 7,920. एका हालचालीवर दोन फ्रेम टिपल्या तरी 3,960 वेळा बाहुल्याला हात लावायचा, हात बाजूला घ्यायचा आणि टेबलाला धक्का लागू द्यायचा नाही. अर्ध्या सेकंदात सहा सेंटिमीटरचं पाऊल टाकायचं असेल तर सहा वेळा एक-एक सेंटिमीटर सरकवून भागत नाही. सुरुवात आणि शेवट अर्ध्या सेंटिमीटरचा आणि मधलं अंतर मोठं ठेवलं तरच पावलात वजन येतं. सगळी अंतरं सारखी झाली की बाहुलं बर्फावरून घसरल्यासारखं दिसतं.

सप्टेंबर-ऑक्टोबर 1946 मध्ये कान महोत्सव पहिल्यांदा पार पडला आणि ‘नाताळचं स्वप्न’ला तिथे कथात्मक लघुपटाचं बक्षीस मिळालं. त्याच महोत्सवात चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ सर्वोच्च सन्मान मिळवणाऱ्या अकरा चित्रपटांत होता. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात ते वर्ष ठळक अक्षरांत लिहिलं जातं. त्याच महोत्सवाच्या बक्षिसांत चिंध्यांचं एक बाहुलंही होतं हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

फ्रेमगणिक चित्रणाशी मराठी माणसाचं नातं याहून जुनं आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 साली, कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं हे थांबत-थांबत टिपून दाखवलं होतं. 1915 मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, त्यात काड्याच हलत होत्या. प्रभातचा ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट 1934 चा. त्या काळच्या नायट्रेट फिल्मचा स्वभाव घातक होता: ती जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाणी ओतूनही विझत नाही आणि न जळता राहिली तरी वर्षानुवर्षं कुजत जाते. 2003 च्या जानेवारीत पुण्यात अशा फिल्मचा मोठा साठा आगीत गेला. झ्लिनचं बाहुलं आज आपल्याला बघायला मिळतं, यातही नशिबाचा वाटा आहेच.

‘स्वप्न’नंतर झ्लिनमध्ये झोपेची गरज लवकरच कमी होत गेली. तिर्लोवांच्या ‘खेळण्यांचं बंड’ या पुढच्याच चित्रपटात खेळणी बनवणाऱ्याच्या दुकानात नाझी अधिकारी घुसतो आणि खेळणी त्याच्यावर तुटून पडतात. तिथे कुणी झोपलेलं नाही. माणूस जागा आहे आणि त्याला मार बसतो. कारेल झेमान यांनी 1955 च्या ‘प्रागैतिहासिक काळाचा प्रवास’मध्ये मुलांना थेट प्राचीन प्राण्यांसमोर उभं केलं, तर 1958 च्या ‘विनाशाचा शोध’मध्ये नटांना चक्क एकोणिसाव्या शतकातल्या कोरीव चित्रांच्या रेघांत फिरवलं. दोन जगांमधली शिवण लपवत बसण्याऐवजी त्यांनी ती चित्राचाच भाग करून टाकली.

हा लघुपट बघून त्यावर लिहायचं असेल तर आधी प्रत तपासावी. मूळ चित्र जवळपास चौकोनी, 1.37 ला 1 अशा प्रमाणात आहे. रुंद पडद्यासाठी कापलेल्या प्रतीत वरचा-खालचा भाग जातो आणि बाहुल्याचे पायच दिसत नाहीत, म्हणजे ॲनिमेशनची परीक्षा जिथे घ्यायची तीच जागा गायब. युरोपीय टीव्हीच्या 25 फ्रेमच्या वेगाने चालणाऱ्या प्रतीत अकरा मिनिटांची साडेदहा होतात आणि संगीताची पट्टी किंचित चढते. अमेरिकी व्हिडिओवरून आलेल्या 30 फ्रेमच्या प्रतीत काही फ्रेम दुहेरी किंवा एकमेकींत मिसळलेल्या असतात. ती थांबवून-थांबवून बघत ‘इथे दोन फ्रेमला एक हालचाल आहे’ असं लिहिलं, तर ते मोजमाप व्हिडिओचं होतं, झेमान यांचं नव्हे.

आणि प्रथा चेक आहे हेही विसरू नये. तिथे भेटी 24 डिसेंबरच्या संध्याकाळीच उघडतात. म्हणूनच मुलगी नव्या खेळण्यांशी खेळून, जुनं फेकून मग झोपते. भेटी 25 च्या सकाळी उघडणाऱ्या देशांतल्या प्रेक्षकाला हा क्रम उलटा वाटतो आणि स्वप्न आधी की खेळणी आधी, असा घोळ होतो. चेक घरात ती त्या सणाची रात्रच आहे: खेळणी मिळून गेलेली, दिवे मालवलेले आणि जुनं बाहुलं अजून जमिनीवर पडलेलं.