सातव्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं नाही?

खानापूर-निपाणीकडच्या घरांतून हे वाक्य अजून ऐकू येतं, आणि त्यापायी आठव्या महिन्यात कळा आल्या की घरचे आधीच खचतात. समज उलटा आहे: पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे मोजतात. २८व्या आठवड्यात बाळ साधारण १ किलोचं असतं, ३२व्यात पावणेदोन, ३६व्यात अडीचच्या पुढे. खरी अडचण फुप्फुसांची. श्वास सोडल्यावर त्यांतले बारीक फुगे मिटू नयेत म्हणून एक स्निग्ध द्रव लागतो. तो पुरेसा तयार व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. म्हणून सातव्यातल्या बाळालाच धोका जास्त. चोखून-गिळून दूध पिण्याचा मेळही ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधी नळीने आईचं दूध द्यावं लागतं.

याच काळात आईचं रक्त जवळपास दीडपट होतं. त्यात पाण्याचा भाग जास्त वाढतो, म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. लोहाच्या गोळ्या तेव्हा तर मुळीच सोडू नयेत.

३७ आठवड्यांआधी ठरावीक अंतराने कळा, अंगावरून पाणी वा रक्त गेलं, तर उजाडायची वाट पाहू नका. १०८ला फोन करा, तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तपासण्यांच्या नोंदीचं कार्ड) सोबत घ्या आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा. ३४ आठवड्यांआधी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं वेळेत मिळाली तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. पूर्ण परिणामाला साधारण २४ तास लागतात.