बडोद्याहून कॅनडाचा पीआर: अर्ज, कागदपत्रं आणि 730 दिवस

पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा हक्क, हातात आला की काम झालं, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. पण तो टिकवायला पाच वर्षांत किमान 730 दिवस कॅनडात काढावे लागतात. आधी अर्जाचं बघू.

नोकरदारांसाठी मुख्य वाट म्हणजे जानेवारी 2015 पासूनची एक्सप्रेस एंट्री, म्हणजे गुणांवर अर्जदार निवडण्याची ऑनलाइन पद्धत. इथून अर्ज करणारे बहुधा फेडरल स्किल्ड वर्कर (कुशल कामगार) या प्रकारात बसतात. त्यासाठी गेल्या 10 वर्षांत कुशल कामाचा सलग एक वर्षाचा अनुभव, आयईएलटीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेच्या चारही भागांत किमान 6 आणि पात्रतेचे 100 पैकी 67 गुण लागतात. एवढ्याने फक्त यादीत नाव येतं. पुढे सीआरएस या वेगळ्या गुणांवर (वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे) क्रम लागतो, बोलावणं आलं तर 60 दिवसांत पूर्ण अर्ज भरायचा. कॅनडातल्या नोकरीचं पत्र आणून गुण वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. ते जादा गुण मार्च 2025 मध्येच बंद झाले.

साठ दिवस फार कमी पडतात, म्हणून कागद आधीच जमवा. एम. एस. युनिव्हर्सिटीची ट्रान्सक्रिप्ट, पदवी कॅनडातल्या कोणत्या शिक्षणाच्या बरोबरीची ते सांगणारं मूल्यांकन (5 वर्षं चालतं), भाषेचा निकाल (2 वर्षं), कामाचं स्वरूप लिहिलेली अनुभवपत्रं, पासपोर्ट कार्यालयातून पीसीसी (पोलिसांचा चारित्र्य दाखला), नेमून दिलेल्या डॉक्टरकडची तपासणी. तिथे जाऊन राहण्यापुरते पैसे असल्याचं दाखवणाऱ्या बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि कर्जंही हवीत. उसने आणून खात्यात भरलेले पैसे चालत नाहीत.

आपल्या मराठी घरांची खरी अडचण नावांची. जन्मदाखला गुजरातीत, त्यावर वडिलांच्या नावाला 'भाई' आणि आईच्या नावाला 'बेन' जोडलेलं, पासपोर्टवर मात्र नुसतं नाव. त्यात सुनेचं लग्नानंतर नाव बदललेलं. असं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि खुलाशाचं पत्र जोडा. गुजराती कागदांचं इंग्रजी भाषांतर स्वतः किंवा नातेवाइकाने केलेलं चालत नाही, मग तो कितीही शिकलेला असो.

आणखी एक, हे कळकळीने सांगतो: नवरा, बायको, मुलं बरोबर येणार नसली तरी अर्जात त्यांची नावं द्याच. लपवलेल्या माणसाला पुढे स्पॉन्सर करण्याची, म्हणजे आपल्या जबाबदारीवर तिकडे बोलावून घेण्याची वाट साधारणपणे बंद होते.

आता ते 730 दिवस. ते सलग नसले तरी चालतात. आजपासून मागची पाच वर्षं धरून हिशेब होतो, त्यामुळे जुने दिवस गळत जातात. प्रत्येक प्रवासाची तारीख वहीत लिहा. कॅनडाचा नागरिक असलेल्या जोडीदारासोबत बाहेर राहिलेले दिवस मोजले जातात. पीआर कार्डाची मुदत संपली म्हणून हक्क जात नाही, पण बडोद्यात असताना संपली तर विमानात बसण्यासाठी वेगळं प्रवासपत्र मागावं लागतं आणि तेव्हाच दिवस तपासले जातात.

आईवडिलांच्या आजारपणात इथे राहिलात तर ते दिवस धरत नाहीत. तरी दवाखान्याचे कागद जपून ठेवा, मानवतेच्या आधारावर त्यांचा विचार होऊ शकतो. बाहेर असताना दिवस कमी म्हणून नकार आला, तर अपिलासाठी 60 दिवस असतात.