नावेच्या तळाला पॉप रिव्हेट की भरीव रिव्हेट?

जुन्या ॲल्युमिनियमच्या नावेचा तळ गळायला लागला की नागपुरात पहिला सल्ला ठरलेला असतो. "कायले एवढा खटाटोप करता भाऊ, पॉप मारून टाकू ना." सल्ला देणारा बहुधा स्लायडिंग खिडक्या आणि पार्टिशनचं काम करणारा कारागीर असतो. त्याचा हात चांगला असतो, म्हणून त्याच्या शब्दावर विश्वास बसतो. मग गळणारे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या मेखा, काढून पॉप मारले जातात, वरून सिलिकॉन फासलं जातं. नाव खिंडसी तलावाच्या पाण्यात एखादा हंगाम काढते आणि पुन्हा गळू लागते, या वेळी आधीपेक्षा जास्त जागांतून. दोष कारागिराच्या हाताचा नसतो. दोन वेगळ्या कामांसाठी जन्मलेल्या दोन वस्तूंना एकच समजलं, हे मूळ दुखणं. ते इतक्या नावांत पाहायला मिळतं की आता सविस्तर लिहायलाच हवं.

पॉप रिव्हेट तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्यात फार शिरत नाही. पोकळ दांडी, मधून जाणारा खिळा, गन दाबली की खिळा मागे ओढला जातो, आतल्या बाजूला दांडी फुगते आणि खिळा तुटून बाहेर येतो. एका बाजूने काम होतं, एकट्याने होतं, पटकन होतं.

भरीव रिव्हेट म्हणजे एका टोकाला गोल डोकं असलेली ॲल्युमिनियमची सबंध दांडी. डोकं बाहेरून बसतं, दांडी आत निघते. बाहेर डोक्यावर स्नॅप, म्हणजे डोकं बसेल असा खळगा असलेला पंच, ठेवून हातोडी चालवायची, आत दांडीच्या टोकाशी जड लोखंडी डॉली दाबून धरायची. ठोक्यांनी दांडीचं टोक दबतं आणि आत दुसरं डोकं तयार होतं. दोन माणसं लागतात. आयटीआयमध्ये शीट मेटलचा ट्रेड केलेल्या कुणालाही डॉली आणि स्नॅप हे शब्द ओळखीचे असतात. कारखान्यातून निघालेल्या बहुतेक रिव्हेटच्या नावा अशाच जोडलेल्या असतात, विमानाचा पत्राही मुख्यतः असाच जोडतात.

दिसण्यातला फरक, किमतीतला फरक, वेळेचा फरक यांवर लोक तासभर बोलतात. हे फरक खरे आहेत, पण त्यांनी काहीच ठरत नाही. "पॉप कमजोर असतो" हे ठाम वाक्यही अर्धवटच. चांगल्या मापाचा पॉप बरंच वजन पेलतो, आणि नाव काही पॉप तुटल्यामुळे गळत नाही.

खरा फरक भोकात आहे. भरीव रिव्हेट भोक भरतो. पॉप रिव्हेट भोकातून जातो आणि दोन पत्रे एकमेकांवर दाबून धरतो.

हे नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच होतो. 4.8 मिलिमीटरच्या भरीव रिव्हेटसाठी भोक साधारण 4.9 मिलिमीटरचं पाडतात. दांडी सैलसर आत जाते. ठोके पडायला लागले की धातूला जायला जागा हवी असते, म्हणून दांडी आधी भोकातच आडवी पसरते, ती उरलेली फट बुजवते, दोन्ही पत्र्यांच्या कडांना घट्ट भिडते आणि मग बाहेर उरलेल्या टोकाचं डोकं होतं. म्हणजे डोकी तयार होईपर्यंत भोक शिल्लकच राहत नाही. पाण्याला आत यायला वाट नाही, आणि पत्र्याला इकडेतिकडे सरकायलाही जागा नाही.

पॉपमध्ये जोर मागच्या टोकावर येतो. तिथे दांडी फुगते आणि पत्रे आवळले जातात. भोकातला भाग थोडाफार पसरतो, पण भरीव दांडीसारखा कडांवर चेपून बसत नाही. त्यातून पाण्याला दोन वाटा मिळतात. एक वाट दांडीच्या बाहेरून, भोकाच्या कडेने. दुसरी वाट दांडीच्या पोटातून, जिथे तुटलेल्या खिळ्याचं बोंड अडकलेलं असतं. साध्या पॉपमध्ये ते बोंड पाणी अडवण्यासाठी बनवलेलंच नसतं, काही दिवसांनी ते हलतं, कधी निखळून पडतं. खिडकीच्या चौकटीत याने काही बिघडत नाही. नावेच्या तळाला मात्र तिथे आरपार छिद्र उरतं.

त्यात आणखी एक भर पडते. बाजारात सहज मिळणाऱ्या पॉपची दांडी ॲल्युमिनियमची आणि खिळा लोखंडाचा असतो. ओल्या जागी लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की झिजतं ते ॲल्युमिनियम. इथे तर पातळ दांडी लोखंडाच्या बोंडाला आतून वेढून बसलेली असते. वरून गंजाचा तांबूस ओघळ दिसतो तेव्हा आत दांडीची पांढरी भुकटी व्हायला सुरुवात झालेली असते. तलावाचं गोडं पाणी समुद्राइतकं कठोर नाही, म्हणून हे हळू होतं. पण होतं.

आणि तळ स्थिर नसतो. माणूस आत उतरला, लाट आपटली, ट्रेलरवर खड्ड्यात हादरा बसला की पत्रा लवतो. भोक भरलेलं असेल तर दोन्ही पत्रे एकजीव लवतात. दांडीभोवती केसभर जागा असेल तर पत्रा दर वेळी दांडीवर घासतो आणि गोल भोक लांबट होत जातं. लांबट भोकात मग भरीव रिव्हेटही नीट बसत नाही, एक माप वरचा घ्यावा लागतो. म्हणून पॉप मारलेली नाव दुसऱ्यांदा गळते तेव्हा ती जास्त गळते.

बंद टोकाचा पॉपही मिळतो. त्याची दांडी मागच्या बाजूने बंद असते, त्यामुळे पोटातली वाट बुजते. बाहेरची वाट तशीच राहते, तिथे फट बुजवणारं सीलंटच लागतं. नाकाडाच्या टोकाला किंवा बंद पेटीमागे डॉली पोचतच नाही अशा मोजक्या जागी, दांडी आणि खिळा दोन्ही ॲल्युमिनियमचे असलेला बंद पॉप सीलंटमध्ये बुडवून बसवायला माझी हरकत नाही. "आत शिरायचा कंटाळा" हे कारण मी मोजक्या जागांत धरत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट ही की गळणारा प्रत्येक रिव्हेट बदलायचा नसतो. नाव कण्याखाली सर्वत्र वाळूच्या पोत्यांचा आधार देऊन ठेवा आणि आत चार बोटं पाणी भरा. जास्त नको. साडेतीन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद तळावर 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे चारशे किलोच्या वर वजन होतं, आधार नसेल तर तळच वाकेल. मग खाली जाऊन ओल दिसेल तिथे खूण करा. पाणी आत आणि तुम्ही बाहेर, म्हणून प्रत्येक थेंब आपली जागा स्वतः दाखवतो. तलावात नाव सोडून आत बसून गळती शोधणाऱ्याला फक्त साचलेलं पाणी दिसतं.

खुणा केलेल्या रिव्हेटपैकी ज्यांची डोकी शाबूत आहेत ते बहुधा सैल झालेले असतात. आतून डॉली धरा, बाहेरून स्नॅपने मोजके ठोके द्या. दांडी पुन्हा पसरते, भोक पुन्हा भरतं. बऱ्याच गळत्या एवढ्यानेच थांबतात. पॉपला ही सोयच नाही, सैल झाला की काढून फेकायचा.

डोकं झिजलेलं किंवा तिरकं असेल तरच बदला. बाहेरच्या डोक्याच्या मधोमध पंच मारा, दांडीपेक्षा किंचित बारीक बिटने फक्त डोक्याइतकं खोल ड्रिल करा, डोकं उडवा आणि दांडी पिन पंचने आत ढकला. आरपार ड्रिल करू नका. बिट जरासं सरकलं तरी पत्र्याचं भोक वाढतं आणि ते पुन्हा लहान करता येत नाही.

नव्या रिव्हेटची लांबी अंदाजाने घेऊ नका. पत्र्यांची एकूण जाडी अधिक दांडीच्या व्यासाची दीडपट, हा हिशेब. दीड-दीड मिलिमीटरचे दोन पत्रे आणि 4.8 ची दांडी असेल तर तीन अधिक सात, म्हणजे दहा मिलिमीटरच्या आसपास. तयार झालेलं आतलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं, इथे सात मिलिमीटर रुंद आणि अडीचच्या आत उंच. लांबी जास्त घेतली तर दांडी वाकून आडवी पडते, कमी घेतली तर डोकं चपटं आणि कडेला चिरलेलं येतं. दोन्ही काढून टाकायचे.

ठोकताना आवाजाकडे लक्ष द्या. डॉली नीट टेकलेली नसेल तर पत्रा डब्यासारखा वाजतो आणि डोक्याभोवती खळगा पडतो. डॉली सपाट टेकली की आवाज बसका आणि भरीव येतो. आतल्याने "हं" म्हटल्याशिवाय बाहेरच्याने हातोडी चालवायची नाही. हवेवर चालणारी रिव्हेट हातोडी असेल तर हा नियम दुप्पट पाळा. आणि डॉलीचं तोंड गुळगुळीत करून घ्या, खरबरीत लोखंडाने नव्या डोक्यावर ओरखडे उठतात.

रिव्हेट कुठल्या धातूचा, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. भांड्यांच्या दुकानात कढईच्या कानांना लावायचे मऊ ॲल्युमिनियमचे भरीव रिव्हेट मिळतात, तळाला ते मऊ पडतात. 5056 हा मॅग्नेशियम असलेला मिश्रधातू तळासाठी योग्य. विमानासाठीचे 2117 चे रिव्हेट मजबूत असले तरी त्यांत तांबं असतं, आणि सतत ओल्या राहणाऱ्या जागी तांबं नको. आपल्या नावेचा पत्राच कुठल्या जातीचा आहे याची शंका असेल तर या बाबतीत नागपूरकर भाग्यवान आहेत. 1989 मध्ये स्थापन झालेली, ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी जवाहरलाल नेहरू संस्था नागपूरलगतच्या आपल्याच वाडी गावात आहे.

सीलंटबद्दल माझं मत ठाम आहे. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते नावेजवळ आणू नका. सुकताना ते ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि पत्रा खातं. एम-सील पाइपसाठी उत्तम आहे, पण ती कडक होते आणि लवणाऱ्या पत्र्यावर तडकते. पॉलियुरेथेन सीलंट घ्या. ते हवेतल्या ओलाव्यावर पक्कं होतं, त्यामुळे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत ते अपेक्षेपेक्षा बरेच जास्त दिवस घेतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, हवेत ओल असताना काम धरलं तर सीलंटही लवकर बसतं आणि तापलेल्या पत्र्याला हात लावताना चटकाही बसत नाही. भरीव रिव्हेट नीट बसला तर सीलंटचं काम थोडंच उरतं. पॉपवर मात्र सगळी मदार सीलंटवर जाते, आणि पत्र्याची नव्हे तर सीलंटची नाव चालवण्यात मला अर्थ दिसत नाही.

मग पॉप कुठे वापरायचा? पाण्याच्या रेषेच्या वर, आणि जिथे बाहेरचा पत्रा भेदला जात नाही तिथे खुशाल. बसायच्या फळ्यांखालचे कंस, गळ ठेवायचे स्टँड, बॅटरीच्या पेटीची चौकट, वायरीच्या क्लिपा, पुढच्या डेकचा सांगाडा, हे सगळं पॉपचं राज्य. आपल्या आवडीने नाव सजवायची असेल तर त्यातलं बहुतेक काम पॉपनेच करा, भरीव रिव्हेटचा हट्ट तिथे उगाच. डेकला प्लाय लावताना एवढंच बघा की औषध मारलेल्या प्लायमध्ये तांब्याचे क्षार असले तर तो पत्र्याला थेट टेकू नये, मध्ये रबराची पट्टी किंवा रंगाचे थर हवेत. ओला प्लाय पत्र्याला चिकटून राहिला की पत्र्याला पांढरे फोड येतात.

आणि तुमच्या नावेच्या तळाला आधीच पॉप मारलेले असतील तर ते काढता येतात. थेट ड्रिल लावलं तर आतलं लोखंडी बोंड बिटबरोबर गरगर फिरतं आणि भोक खराब करतं. आधी बारीक पंचने ते बोंड आत ढकलून पाडा, मग डोकं ड्रिल करा, दांडी काढा. भोक लांबट झालंय का ते नव्या बिटची मागची बाजू आत घालून बघा. पडलेली सगळी बोंडं चुंबकाने गोळा करा, कण्याच्या खाचेत राहिलेलं एक लोखंडी बोंडही ओल धरून पत्रा कुरतडत राहतं. मग भोक एक माप वर नेऊन साफ करा, कडेची धार काढा, सीलंट लावा आणि भरीव रिव्हेट ठोका.