त्रेपन्नभागी सप्तक

षड्जापासून तार षड्जापर्यंतचे अंतर ५३ समान भागांत विभागणारी स्वरपद्धती. एका भागाला 'कॉमा' म्हणतात. तो २२.६४ सेंटचा (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग) असतो आणि लगतच्या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर १.०१३१६ येते. पियानोच्या १२ समान भागांच्या (टेंपर्ड) सप्तकात एक भाग १०० सेंटचा असतो.

५३ हा आकडा पंचमातून येतो. ३/२ या शुद्ध पंचमाची साखळी कितीही लांबवली तरी ती नेमक्या षड्जावर परतत नाही. १२ पंचम ७ सप्तकांपेक्षा २३.४६ सेंटनी जास्त भरतात, तर ५३ पंचम ३१ सप्तकांपेक्षा फक्त ३.६२ सेंटनी. ही शिल्लक ५३ पंचमांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला ०.०७ सेंट इतकी तूट येते. चीनमधील जिंग फांग याने इ.स.पू. पहिल्या शतकातच ही जवळीक ओळखली होती. युरोपात १७ व्या शतकात निकोलस मर्केटरने (नकाशेवाला मर्केटर वेगळा) आणि १६९४ मध्ये विल्यम होल्डरने ती मांडली. ४१ भागांतही पंचम उत्तम मिळतो, पण गंधार शुद्ध ५/४ पेक्षा जवळजवळ ६ सेंट उतरतो. ५३ मध्ये गंधार १.४ सेंटच उतरलेला असतो, आणि या पद्धतीचे खरे मोल त्यातच आहे.

फरक कानाला कसा लागतो ते विस्पंदांवरून (दोन सूर एकत्र वाजताना ऐकू येणाऱ्या आवाजाच्या चढउतारांवरून) कळते. षड्ज २४० हर्ट्‌झ धरला तर शुद्ध गंधार ३०० ला येतो. १२ भागांचा गंधार ३०२.४ ला पडतो आणि षड्जाबरोबर सेकंदाला साडेनऊ विस्पंद देतो. ५३ भागांत ते सेकंदाला एक इतके मंदावतात. पंचमाचा एक विस्पंद पुरा व्हायला तर सुमारे ३५ सेकंद लागतात, म्हणजे तो शुद्धच मानायला हरकत नाही. मूळ सुराच्या सातपट कंपनाच्या, म्हणजे सातव्या स्वरांशाला (७/४) मात्र ही पद्धती तितकी मानवत नाही, तिथे ४.८ सेंटची चूक राहते. त्यासाठी ३१ भाग बरे, पण त्यांचा पंचम ५.२ सेंट उतरलेला असतो.

बिलावलाचे स्वर असे बसतात: सा ०, रे ९, ग १७, म २२, प ३१, ध ३९, नि ४८, सां ५३. कोमल रे ५, कोमल ग १४, तीव्र म २६, कोमल ध ३६. कोमल नि ४४ किंवा ४५. षड्जग्राम या प्राचीन स्वररचनेतील चार, तीन आणि दोन श्रुतींच्या (श्रुती म्हणजे सूक्ष्म स्वरांतर) स्वरांतरांना अनुक्रमे ९, ८ आणि ५ कॉमा दिले, तर ४-३-२-४-४-३-२ या २२ श्रुतींची बेरीज बरोबर ५३ येते. मात्र एवढ्यावरून २२ समान भाग म्हणजे श्रुती, असे समजू नये. तसे भाग पाडले तर पंचम ७ सेंट चढतो, आणि तंबोऱ्यासमोर तो टिकत नाही.

अडचण सुरू होते ती इथे. वरच्या यादीत रे ते ध हे अंतर ३० कॉमांचे आहे, ३१ चे नाही. हा पंचम २२.६ सेंट आखूड असून सेकंदाला दहाच्या वर विस्पंद देतो. रे–ध संवाद हवा असेल तर ध ४० वर न्यावा किंवा रे ८ वर उतरवावा. दोन्ही एकदम साधत नाहीत. पंचमांच्या साखळीने जुळवणाऱ्याची फसगतही इथेच होते. सा-पासून चार पंचम चढले की १८ व्या कॉमावरचा गंधार मिळतो, आणि तो शुद्धापेक्षा २१ सेंट चढा असतो. १७ वा हवा असेल तर सा-पासून आठ मध्यम (प्रत्येकी २२ कॉमा) चढून तीन सप्तके खाली यावे लागते. पाश्चात्त्य स्वरमेळांच्या (कॉर्डच्या) नेहमीच्या फेऱ्यातही प्रत्येक मेळ शुद्ध ठेवत गेले तर मूळ सूर फेरीगणिक एक कॉमा घसरतो. १९ आणि ३१ भागांत तो घसरत नाही, कारण तिथे चार पंचमांचा गंधार आणि शुद्ध गंधार यांतला हा कॉमाचा फरक शून्यच केलेला असतो.

पडद्यांच्या वाद्यावर ५३ भाग जवळजवळ अशक्य आहेत. ६५० मिमी तारेवर पहिला पडदा नटपासून (तारेच्या वरच्या टोकाच्या पट्टीपासून) ८.४ मिमीवर येतो आणि सप्तकाच्या पुढे पडद्यांत सव्वाचार मिमीही उरत नाहीत. १९ भागांचा पहिला पडदा २३.३ मिमीवर येतो, आणि गिटार तिथपर्यंत सहज झेपते.

इलेक्ट्रॉनिक वाद्यावर दोन वाटा आहेत. पहिली स्काला फाइलची, म्हणजे वाद्याला सप्तक सांगणाऱ्या मजकूर-फाइलची. तिच्यात वर्णनाची ओळ, मग स्वरांची संख्या आणि मग १ ते ५३ भागांची सेंटमूल्ये लिहायची. षड्ज लिहायचा नाही, शेवटी २/१ येतो. सेंटच्या आकड्यात दशांशचिन्ह राहून गेले तर तो गुणोत्तर म्हणून वाचला जातो आणि सूर भलतीकडे जातो. शिवाय ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर जेमतेम एक सप्तक मावते. दुसरी वाट पिच बेंडची, म्हणजे वाजणारा सूर थोडा चढवण्या-उतरवण्याच्या सोयीची. गंधारासाठी ४०० सेंटची पट्टी १५.०९ सेंट उतरवायची, म्हणजे ±२ अर्धस्वरांच्या मर्यादेत मध्यापासून ६१८ एकके खाली. वाद्याची मर्यादा ±१२ अर्धस्वर असेल तर तीच ६१८ एकके ९० सेंट उतरवतील, म्हणून आधी ती तपासावी. बेंड संपूर्ण चॅनेलला (वाद्याला सूचना पोचवणाऱ्या एका वाहिनीवरच्या सर्व स्वरांना) लागतो, त्यामुळे एकत्र वाजणाऱ्या प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल द्यावा.

प्रत्यक्ष वाद्यांत रॉबर्ट बोझांकेने १८७० च्या दशकात बनवून घेतलेला हार्मोनियम प्रसिद्ध आहे. त्यात सप्तकाला ८४ पट्ट्या आहेत; तो लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. तुर्की संगीताचे शास्त्र आजही ५३ कॉमांवरच शिकवतात. तिथल्या स्वरांतरांचे कॉमा असे: बकीये ४, कुचुक मुजेन्नेब ५, ब्युयुक मुजेन्नेब ८, तानिनी ९. तिथले कानून हे तंतुवाद्य बनवणारे कारागीर मात्र बहुधा अर्धस्वराचे सहा भाग करून खटके (तारेचा सूर बदलणाऱ्या छोट्या कळा) बसवतात, म्हणजे सप्तकाचे ७२.