देणाऱ्याचा अंदाज का चुकतो?

सांगलीच्या एसटी स्टँडवर बाजूला बसलेल्या अनोळखी आजींनाही आपल्याबरोबर एक चहा सांगावा असं मनात येतं आणि तिथंच विरतं. त्यांना काय वाटेल? आणि एवढ्याशा चहानं असा काय फरक पडणार?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मानसशास्त्रज्ञांनी मोजून काढलं आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी शिकागोच्या मॅगी डेली पार्कमध्ये, थंडीत, ८४ जणांना विचारलं: गरम चॉकलेटचा हा कप स्वतःला ठेवणार की एखाद्या अनोळखी माणसाला देणार? ७५ जणांनी तो देऊन टाकला. घेणाऱ्याला किती बरं वाटेल, याचा उणे ५ ते अधिक ५ या मोजपट्टीवर त्यांचा अंदाज होता सरासरी २.७. घेणाऱ्यांनी स्वतः सांगितलेला आकडा निघाला ३.५.

असं का होतं, हे त्यांच्या कपकेकच्या प्रयोगातून उलगडतं, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. काहींना कपकेक प्रयोगात भाग घेतल्याबद्दल मिळाला, काहींना तोच कपकेक एका अनोळखी माणसानं आपणहून दिला. दुसऱ्या गटाचा आनंद जास्त होता. देणाऱ्यांना मात्र हा फरक नीट ओळखता आला नाही. त्यांचं लक्ष वस्तूवर होतं; घेणाऱ्याला वस्तूसोबत कुणीतरी आपली आठवण ठेवल्याची ऊबही मिळाली होती.

त्यात अनपेक्षितपणाचीही भर असावी. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचा, म्हणजे बक्षिसाची दखल घेणारं डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. अचानक फळांचा रस मिळाला की या पेशी जोरात चेततात. रस येणार हे आधीच्या खुणेवरून कळू लागलं, की रसाला तसा प्रतिसाद उरत नाही. माकडांवरच्या कामातून माणसाच्या मायेचं सगळं गणित सुटत नाही, पण ध्यानीमनी नसताना मिळालेलं मनात ठसतं, याचा एक धागा इथं सापडतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा आसपासच्या गावांतून भाकऱ्या आल्या. ‘त्यांना काय वाटेल’ म्हणून कुणी थांबलं नाही, कारण गरज डोळ्यांना दिसत होती. एरवीच्या दिवशी ती दिसत नाही, आणि तिथंच आपला चुकीचा अंदाज हात मागे ओढतो.

हे नुकसान दोघांपुरतं राहत नाही. कुमार आणि एप्ली यांनी आणखी एका प्रयोगात, भेट मिळालेल्यांना १०० डॉलर स्वतः आणि एका अनोळखी व्यक्तीत वाटायला सांगितले. ज्यांना ती भेट कुणीतरी आपणहून दिली होती, त्यांनी त्या तिसऱ्या माणसाला जास्त वाटा दिला. आपल्या छोट्याशा भेटीचा परिणाम इतका पुढं जाईल, हे देणाऱ्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.